वशिला, ओळख आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा समारंभात शिक्षक बोलायला उभा राहिला म्हणजे तो काय बोलणार हे श्रोत्यांना आधीच ठाऊक असते. मुलांना शिकवा, मुलींना शिकवा, तालीम हीच खरी दौलत. हे दरवर्षी बोलले जाते, ते खरे आहे आणि पुढेही बोलले जावे. आज मात्र मी त्याच्या पुढचा प्रश्न आपल्यापुढे मांडणार आहे. मूल शिकले, गुणपत्रिका हातात पडली. आता अमुक ठिकाणी जागा निघाली आहे ही खबर त्याच्या कानावर कोण घालणार? अर्ज कसा भरायचा हे कोण सांगणार? आणि साहेबांनी ‘हा मुलगा कोणाच्या ओळखीचा?’ असे विचारले तर ‘माझ्या’ म्हणून पुढे कोण येणार? शाळेचा अभ्यासक्रम या तीन प्रश्नांपाशी संपतो. मुलाची कमाई मात्र पुष्कळदा तेथूनच सुरू होते.

हा प्रश्न केवळ अक्षरओळखीचा असता तर आपल्या राज्यात तो केव्हाच सुटला असता. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ७६.९ टक्के होती आणि महाराष्ट्रातील मुसलमानांची ७८.१ टक्के, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा किंचित अधिकच! ‘आपले लोक शिकतच नाहीत’ हे वाक्य आपण स्वतःच इतक्या वेळा उच्चारतो, की हा आकडा ऐकून अनेक पालकांना तो चुकीचा छापला असावा असे वाटते. तो चुकीचा नाही. पण पुढचा आकडाही ऐका. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये संसदेपुढे आला. त्यात देशाच्या शहरी भागातील कामकऱ्यांचा हिशेब दिला आहे. नियमित पगाराच्या कामावर असणारे उच्चवर्णीय हिंदूंमध्ये शंभरात ४९, अनुसूचित जाती-जमातींमध्ये ४०, इतर मागासवर्गीय हिंदूंमध्ये ३६ आणि मुसलमानांमध्ये २७. उरलेले कोठे आहेत? गॅरेजमध्ये, हातगाडीवर, शिलाईच्या यंत्रावर, फळांच्या आणि भंगाराच्या धंद्यात. धंदा करण्यात कमीपणा नाही. परंतु ज्या धंद्यात महिनाअखेरची हमी नाही, आजारपणाची रजा नाही आणि म्हातारपणी काही हाती येत नाही, त्यातच एका समाजाची एवढी गर्दी का, हे विचारले पाहिजे. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवी किंवा पदविका घेतलेले चार टक्क्यांहून कमी होते, तर देशाच्या एकूण लोकसंख्येत हे प्रमाण सहा टक्क्यांच्या वर होते. म्हणजे अक्षरे आली, दहावीपर्यंत मजल गेली आणि त्यापुढे वाट फुटली. ती कोठे व का फुटते?

माझे उत्तर एका शब्दात आहे: वशिला. मराठीत हा शब्द जरा बदनाम आहे. पण तो मूळ अरबीतील ‘वसीला’, आणि त्याचा साधा अर्थ साधन, पोहोचण्याचा मार्ग असा आहे. त्या मूळ अर्थानेच मी तो घेत आहे. लाच देऊन कोणाला चिकटवणे ही निराळी बाब झाली. मी ज्या वशिल्याबद्दल बोलतो तो रोजचा, सभ्य आणि बिनपैशाचा आहे. मालकाला माणूस हवा असतो. तो आपल्या चांगल्या कामगाराला म्हणतो, ‘तुझ्यासारखा आणखी एखादा असला तर घेऊन ये.’ कामगार आपल्या मेव्हण्याला घेऊन येतो. मालकाला ओळखीची हमी मिळते, मेव्हण्याला नोकरी मिळते आणि त्याला काम शिकवणारा घरचाच माणूस असतो. यात कोणी कोणाचा द्वेष केला काय? मुळीच नाही. पण आता हिशेब करा. एका कारखान्यात शंभर माणसे आहेत, त्यांत आपले पाच. प्रत्येकाने आपापला एक माणूस आणला तर दोनशेंत आपले दहा झाले. शंभरात पाच ते पाचच राहिले. कोणाच्याही मनात पाप नसताना जुनी विषमता नव्या पिढीत जशीच्या तशी उतरली.

अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ ग्लेन लाउरी यांनी १९७७ मध्ये तेथील कृष्णवर्णीयांच्या संदर्भात नेमका हाच मुद्दा मांडला. स्वतः लाउरी त्याच समाजातले. कायद्याने समान संधी दिली, भेदभाव बंद केला, तरी ज्यांचे शेजारी, नातलग आणि मित्र पूर्वीच्या अन्यायामुळे मागे राहिले आहेत त्यांची मुले आपोआप बरोबरीला येणार नाहीत, कारण मूल केवळ स्वतःच्या बुद्धीवर वाढत नाही, ते आपल्या भोवतीच्या माणसांच्या आधाराने वाढते. हे वाचताना मला अमेरिका दिसली नाही, आपला मोहल्ला दिसला.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास आपल्याला याहून जवळचा आहे. तेथे कामगारभरती व्यवस्थापक करीत नसे. ती जॉबर म्हणजे मुकादम करी. मुकादम रत्नागिरीचा असला की खात्यात रत्नागिरीची माणसे भरली जात. मदनपुऱ्यात राहणारे उत्तरेकडचे मोमीन विणकर साचेखात्यात असत, कारण विणकाम त्यांच्या घराण्यात होते आणि आधी गेलेल्यांनी मागच्यांना ओढून घेतले. गावाकडून आलेल्या मुलाला राहायला गाववाल्यांची खोली, जेवायला खानावळ आणि कामाला मुकादमाची चिठ्ठी, असे सगळे एकाच धाग्याने बांधलेले होते. १९२९ मध्ये नेमलेल्या शाही मजूर आयोगाने १९३१ च्या अहवालात या मुकादमांच्या दस्तुरीवर टीका केली. पण परक्या शहरात दुसरा आधार नसलेल्या माणसाला तो मुकादमच मायबाप होता, हेही विसरता येत नाही.

याच गिरण्यांत ओळखीच्या भिंतीची दुसरी बाजूही दिसते. साचेखात्यात मजुरी चांगली मिळे. पण धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि या सबबीवर अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यात शिरू दिले जात नसे. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. दार अडवणारे तेथे गिरणीमालक नव्हते. शेजारच्या साच्यावरचे कामगार होते. आपल्या माणसांना आत घेणारी साखळी दुसऱ्याला बाहेर ठेवते ती अशी, आणि त्याचा फरक दर महिन्याच्या पगारात पडतो.

आपल्या कोकणातल्या जमातींची कहाणी गिरणीपेक्षा जहाजाची अधिक. सारंग आपल्या गावची, आपल्या खाडीकाठची मुले बोटीवर नेई. सारंगाच्या हाताखाली खलाशी, खलाशाच्या पाठीमागे त्याचा भाचा. पुढे १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखाती देशांत बांधकामे निघाली आणि जहाजाची जागा विमानाने घेतली. साखळी मात्र तीच राहिली. एका चाचांनी कुवेतला पाय रोवला आणि त्यांच्या मागे निम्मा मोहल्ला गेला. या कमाईने काय केले ते मी आपणास सांगावे असे नाही. कौलारू घरांच्या जागी पक्की घरे आली, बहिणींची लग्ने झाली, कर्जे फिटली, आणि आपल्या समाजाच्या कितीतरी शाळांच्या भिंती त्या पैशाने उभ्या राहिल्या. उन्हात पन्नास अंशांत उभे राहून ज्यांनी हा पैसा पाठवला त्यांच्याविषयी माझ्या तोंडून एकही उणा शब्द निघणार नाही.

पण मी वर्गात उभा राहतो तेव्हा मला दुसरेही काही दिसते. नववी-दहावीतला चांगला, चुणचुणीत मुलगा अचानक ढिला पडतो. विचारले तर सांगतो, ‘सर, मामूंनी व्हिसाचे सांगितले आहे. बारावी झाली की जायचे.’ मग गणितात पंचावन्न आले काय आणि पंच्याऐंशी आले काय! मामू ज्या दुकानात आहेत त्या दुकानाला पंच्याऐंशी गुणांची गरजच नाही. ओळख आपल्याला तेथेच नेऊ शकते जेथे आपला ओळखीचा माणूस उभा आहे. मामू गोदामात असतील तर व्हिसा गोदामाचाच येणार, प्रयोगशाळेचा कोठून येणार?

आणि त्याच वर्गात मुलींच्या बाजूला पाहा. त्यांना कोणत्याही मामूंनी व्हिसाचे कबूल केलेले नाही. त्यामुळे त्या अभ्यास करतात. बारावी होतात, डी.फार्म., नर्सिंग, बी.एड. यांची चौकशी करतात. आपण म्हणतो मुली हुशार निघाल्या. त्या हुशार आहेतच. पण मला वाटते, मुलांना एक आयती वाट मिळाली म्हणून ते थांबले आणि मुलींना ती मिळाली नाही म्हणून त्या चालत राहिल्या.

हा एका शिक्षकाचा तर्क म्हणून आपण सोडून द्याल, म्हणून एक अभ्यास सांगतो. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग या दोन अर्थशास्त्रज्ञांनी मुंबईच्या दादर भागातील शाळांचा अभ्यास करून तो २००६ मध्ये प्रसिद्ध केला. १९८२ ते २००१ या वीस वर्षांत पहिलीत दाखल झालेल्या मराठी मुलांच्या नोंदी त्यांनी तपासल्या आणि हजारो पालकांना प्रश्न विचारले. प्रश्न असा होता की, १९९१ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली, इंग्रजी येणाऱ्याला कचेरीतल्या नोकरीत अधिक पगार मिळू लागला. मग कोणत्या जातीतली मुले इंग्रजी शाळांकडे वळली आणि कोणती वळली नाहीत? ज्या जातींचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या गिरणी-कारखान्यांत होते आणि जातभाईंच्या ओळखीने कामाला लागत, त्या जातींचे मुलगे मोठ्या प्रमाणावर मराठी शाळांतच राहिले. कारण त्यांच्यासाठी बापाचे खाते तयार होते, आणि त्या खात्याला इंग्रजीची गरज नव्हती. मुलींना मात्र अशा कामाच्या साखळीत कधी जागाच नव्हती. म्हणून त्याच घरांतल्या मुली झपाट्याने इंग्रजी शाळांत गेल्या. जी साखळी एके काळी आधार होती ती जग बदलल्यावर बेडी झाली, आणि ज्यांना ती कधी मिळालीच नव्हती त्या मोकळ्या राहिल्या.

हा अभ्यास हिंदू जातींचा आहे, आपला नाही. म्हणूनच तो मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या मुलांचे जे होते ते ‘मुसलमान असेच’ म्हणून होत नाही. आडनाव बदला, धर्म बदला. घरची ओळख एकाच धंद्यात अडकलेली असली की निकाल तोच येतो.

येथे एक गोष्ट पालकांनी नीट ध्यानात घ्यावी. अशा साखळीतून एखाद्या मुलाने बाहेर पडायचे ठरवले तर घरचे लोक त्याला अडवतात, आणि ते केवळ अडाणीपणाने अडवतात असे नाही. साखळी चालते ती देण्याघेण्यावर. ज्याला चाचांनी नेले त्याने पुढे पुतण्याला न्यायचे असते. हुशार मुलगे एकेक करून दुसरीकडे गेले तर मागच्यांना ओढणार कोण? म्हणून ‘एवढे शिकून काय कलेक्टर होणार आहेस?’ हे वाक्य ऐकू येते. त्यात थट्टा असते, पण थोडी भीतीही असते. ती भीती खोटी नाही. फक्त तिची किंमत एका मुलाने आपल्या आयुष्याने का भरावी, हा माझा प्रश्न आहे.

शिवाय सगळ्यांनी एकाच झाडाला दोर बांधला आणि झाड पडले तर? १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही आणि हजारो घरांची वाट कायमची बंद झाली. ज्या घरात बाप, काका, मोठा भाऊ सगळे गिरणीतच होते, त्या घराला दुसऱ्या धंद्यातला एकही माणूस माहीत नव्हता. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले आणि एक लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. २०११ मध्ये सौदी अरेबियाने आपल्या नागरिकांना नोकऱ्या देण्याविषयीचे नियम कडक केले. २०२० मध्ये करोनाने काय केले ते तर या सभागृहातल्या अनेकांनी भोगले आहे.

आता कोणी तरुण उठून म्हणेल, ‘सर, तुम्ही सगळा दोष आमच्याच माथी मारता. शिकलो तरी आम्हाला घेतो कोण?’ हा प्रश्न टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी २००७ मध्ये एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. खाजगी क्षेत्रातील जागांच्या जाहिराती इंग्रजी वृत्तपत्रांतून घेऊन त्यांना अर्ज पाठवले. शिक्षण आणि पात्रता सारखीच, फक्त नावे वेगळी. एक नाव उच्चवर्णीय हिंदू, एक दलित, एक मुस्लिम. मुलाखतीसारख्या पुढच्या टप्प्यावर बोलावणे येण्यात उच्चवर्णीय नावाचे पारडे एक धरले तर दलित नावाचे सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाचे सुमारे एक-तृतीयांश भरले. म्हणजे तरुणाची तक्रार कल्पनेतली नाही. कागदावर नुसते नाव वाचून अर्ज बाजूला ठेवला जातो, हे आकड्यांनी दाखवलेले आहे.

पण याचा अर्थ ‘म्हणून शिकू नका’ असा लावणे म्हणजे अन्याय करणाऱ्याचे काम आपणच पुरे करणे होय. माझ्या मते याचा अर्थ दोन प्रकारे घ्यावा. जेथे नाव न पाहता गुण पाहिले जातात त्या वाटा, म्हणजे स्पर्धा परीक्षा, प्रवेश परीक्षा, बँकांच्या व रेल्वेच्या भरती परीक्षा, यांकडे आपली मुले फार कमी वळतात; त्या वाटांवर गर्दी वाढली पाहिजे. आणि जेथे नाव पाहिले जाते तेथे त्या नावामागचा मुलगा ओळखणारे एखादे माणूस आत असले पाहिजे. नुसते नाव वाचणाऱ्याला परके वाटते. ‘हा माझ्याबरोबर कॉलेजात होता, कामाचा मुलगा आहे’ असे एकाने म्हटले की अर्धे परकेपण गळून पडते.

येथे मी तोंडओळखीकडे येतो. आपण जीव ओततो तो घट्ट नात्यांवर: भाऊ, चाचा, खालू, साडू. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक निबंध लिहिला. तो आजही जगभर वाचला जातो. बोस्टनजवळच्या एका गावात नुकतीच नोकरी बदललेल्या सुशिक्षित लोकांना त्याने विचारले, ज्या माणसाने तुम्हाला या जागेची खबर दिली तो तुम्हाला त्या काळात कितीदा भेटत होता? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी शंभरात जेमतेम सतरा जणांनी ‘नेहमी’ असे सांगितले. सुमारे छप्पन्न जणांनी ‘अधूनमधून’ आणि अठ्ठावीस जणांनी ‘क्वचितच’ असे उत्तर दिले. जुना सहाध्यायी, पूर्वीच्या कामावरचा सोबती, कोठेतरी लग्नात भेटलेला गृहस्थ! कारण उघड आहे. जो आपल्या ओट्यावर रोज बसतो त्याला तेच माहीत असते जे आपल्याला माहीत असते. नवी खबर लांबून येते.

२०२२ मध्ये राज चेट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सात कोटींहून अधिक लोकांच्या फेसबुकवरील मैत्रीचा अभ्यास मांडला. गरीब घरातल्या मुलांना सुखवस्तू घरातल्या मुलांइतके सुखवस्तू मित्र मिळाले, तर मोठेपणी त्यांची कमाई सरासरी २० टक्क्यांनी वाढेल असा त्यांचा अंदाज आहे. मात्र त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती आम्हा शिक्षकांना टोचणारी आहे. दोन थरांतली मुले एका शाळेत आली म्हणजे मैत्री होतेच असे नाही. एका छताखाली बसूनही ती वेगवेगळ्या बाकांवर बसतात. पटावरची भेसळ वेगळी आणि डबा वाटून खाणे वेगळे.

म्हणून पालकांना माझे सांगणे आहे, आपल्या मुलाचे मित्र कोण आहेत याची चौकशी आपण फक्त तो बिघडू नये म्हणून करतो. तो वाढावा म्हणूनही करा. एस.टी.च्या पासावर तालुक्याला जाणारा मुलगा बसमध्ये कोणाशेजारी बसतो? एन.सी.सी., एन.एस.एस., तालुक्याची विज्ञान प्रदर्शने, क्रीडास्पर्धा, वक्तृत्वस्पर्धा यांना ‘वेळ फुकट जातो’ म्हणून नाही म्हणू नका. तेथे बक्षीस मिळो न मिळो, शेजारच्या गावचे चार चेहरे ओळखीचे होतात. मराठी भाषेबद्दलही हेच. मी मराठी विषय शिकवतो म्हणून माझे ऐकणे आपण हसण्यावारी न्याल, पण घरात उर्दू असो की कोकणी, तिचा मान राखूनच सांगतो: या राज्यातले तहसील कचेरीतले, बँकेतले, पंचायत समितीतले दार मराठीत उघडते. जो मुलगा मराठीत दोन वाक्ये बोलताना चाचरतो त्याची तोंडओळख होणार कशी? ओळखीला आधी तोंड उघडावे लागते.

हे सगळे बोलताना आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. अल्पसंख्याक म्हणून चालवलेल्या संस्थांमध्ये, आणि मी कोणा एका संस्थेबद्दल बोलत नाही, शिक्षकाची किंवा शिपायाची जागा निघाली की ती कोणाच्या घरात जाणार हे जाहिरातीच्या आधी मोहल्ल्याला कळलेले असते. बाहेरच्या जगाने आपल्याला नाव पाहून नाकारले म्हणून आपण रागावतो, तो राग योग्य आहे. मग गरीब विधवेच्या गुणवान मुलाला ‘तू कोणाचा?’ असे आपण तरी का विचारावे? (हे वाक्य स्मरणिकेत राहते की छपाईत गळते ते पाहायचे.) साखळीचा हाच दोष आहे. तिच्या आत असताना ती आपल्याला आधार वाटते आणि बाहेर असताना भिंत.

लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीवरून आपल्या गाड्या वर्षानुवर्षे जातात. तेथे रसायनशास्त्र शिकलेल्यांना, फिटरला, वीजतंत्र्याला काम असते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे कारखान्यांना, एस.टी. महामंडळाला, रेल्वेला शिकाऊ मुले विद्यावेतन देऊन घ्यावी लागतात. आय.टी.आय. केलेला आपला मुलगा या जाहिरातीची तारीख उलटून गेल्यावर माझ्याकडे येतो आणि म्हणतो, ‘सर, कोणी सांगितलेच नाही.’ ज्या घरात एक माणूस आधीच आत आहे, त्या घराला ती तारीख महिनाभर आधी कळलेली असते. हुशारीत फरक नव्हता, खबरीत होता.

तेव्हा या शाळेपुरते आपण काय करू शकतो? मोठ्या योजना मांडण्याचा अधिकार पदाधिकाऱ्यांचा. मी एक लहान काम सुचवतो, आणि अध्यक्ष साहेबांनी त्याला संमती दिली आहे. आपल्या स्मरणिकेत दरवर्षी जाहिराती देणाऱ्यांची नावे छापतात. प्रत्येक जाहिरातीमागे एक दुकान, एक कारखाना, एक दवाखाना, एक वकील आहे. त्यांनी पान घेतले त्याबद्दल संस्था आभारी आहेच. यापुढे त्यांनी पानाबरोबर एक दिवसही द्यावा. नववीची पाच मुले त्या दिवशी त्यांच्याकडे येतील, काम कसे चालते ते पाहतील आणि प्रश्न विचारतील. चहाचा खर्च शाळा देईल.

दुसरे, माजी विद्यार्थ्यांची एक नोंदवही आम्ही घातली आहे. तिच्यात साधे रकाने आहेत: नाव, दहावीचे वर्ष, सध्याचे काम, गाव किंवा शहर, दूरध्वनी, आणि ‘कोणत्या कामाची माहिती देऊ शकाल’. नोकरी लावून द्या असे त्यात कोठेही लिहिलेले नाही, फक्त माहिती मागितली आहे. दुबईत लेखापाल असलेल्याने लेखापाल होण्यासाठी काय शिकावे लागते ते सांगावे. जहाजावर इंजिनीअर झालेल्याने डेकवरच्या खलाशाला आणि इंजिनीअरला पगारात किती फरक पडतो ते मुलांना स्पष्ट आकड्यांत सांगावे. आम्ही शिक्षकांनी सांगितलेले त्यांना खरे वाटत नाही. माजी विद्यार्थिनींनीही नावे लिहावीत. लग्न होऊन पुण्याला, भिवंडीला, रत्नागिरीला गेलेल्या मुली परिचारिका आहेत, शिक्षिका आहेत, औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहेत, आणि शाळेकडे त्यांचा पत्ता नाही. ज्यांच्या पालकांना दूरध्वनी क्रमांक लिहिणे प्रशस्त वाटत नसेल त्यांनी शाळेचा क्रमांक लिहावा, आम्ही निरोप पोहोचवू. आजच्या बाहेरगावच्या पाहुण्यांपैकी जे आपल्या समाजाचे नाहीत पण या शाळेवर लोभ ठेवतात, त्यांच्यासाठी शेवटची दहा पाने राखली आहेत. ती आधी भरली तर मला अधिक आनंद होईल.

नोंदवही कार्यालयात आवक-जावक बारनिशीच्या शेजारी ठेवली आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यापासून एक वाजेपर्यंत मी तेथे असतो. दहावीच्या मुलांनी येताना पालकांना बरोबर आणावे, आणि मामूंचा व्हिसा आलेला असला तरी यावे.